रॅम्पवर सोबतचा माणूस गंभीर जखमी झाला तर: नव्याने लागलेल्यांसाठी

विमानतळावर रॅम्पला, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, नोकरीला लागलात की पहिल्या आठवड्यात पास कुठे लावायचा, चाकांना चॉक (ठोकळे) कधी लावायचे, बीकन, म्हणजे इशारा दिवा, पेटलेल्या विमानाजवळ का जायचं नाही, हे सगळं शिकवतात. पण शेजारी उभा असलेला माणूस बेल्ट लोडर (सामान विमानात चढवणारा पट्टा) आणि डॉलीच्या (सामानाच्या गाडीच्या) मध्ये सापडला, तर पुढच्या तासात, पुढच्या महिन्यात आणि पुढच्या वर्षात आपण काय करायचं, हे कोणी शिकवत नाही. ते आम्ही एकमेकांकडून शिकलो, आणि काही गोष्टी फार उशिरा शिकलो.

मी मुंबईच्या रॅम्पवर १८ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही सुपरवायझर म्हणून. जुलै महिन्यातल्या एका रात्री, मुसळधार पावसात, आमच्या टीममधल्या एका लोडरचा उजवा पाय असाच सापडला. वय ३१, घर नालासोपाऱ्याला, मुलगी बालवाडीत. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. त्याच्यासाठी सगळा रॅम्प उभा राहिला. पण पहिल्या १५ दिवसांत आम्ही ज्या चुका केल्या, त्या निस्तरायला दीड वर्ष गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि पनवेल, उरण, उलवे भागातली कितीतरी मुलं पहिल्यांदाच रॅम्पवर उभी राहिली. त्यांच्यासाठी, आणि मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितोय.

पहिली पायरी: धावू नका, आधी यंत्र थांबवा

मित्र ओरडला की पाय आपोआप त्याच्याकडे धावतात. तिथेच दुसरा माणूस जखमी होतो. विमानाचा लाल बीकन चालू असेल तर इंजिन चालू आहे असंच धरायचं आणि इंजिनाच्या बाजूने जायचंच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई विमानतळावरच पुशबॅकच्या (विमान मागे ढकलण्याच्या) वेळी एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला आणि जागीच गेला. जुनी माणसं त्या रात्रीबद्दल अजून हळू आवाजात बोलतात.

बेल्ट लोडर, टग (डॉली ओढणारी गाडी), हायलोडर (सामान उंच उचलणारं यंत्र), जे काही असेल त्याचं इमर्जन्सी बटण दाबा. कॉकपिटशी बोलणारा हेडसेटवाला असेल तर त्याला हाताने 'थांबा'ची खूण करा. मग कंट्रोल रूमला कळवा: बे (विमान उभं राहण्याची जागा) नंबर, काय झालं, किती जण, शुद्धीवर आहे की नाही. एवढंच. आतून थेट १०८ लावण्यात वेळ घालवू नका, कारण बाहेरची ॲम्ब्युलन्स एअरसाइडच्या (विमानांकडच्या आतल्या भागाच्या) गेटवर परवानगी आणि एस्कॉर्टसाठी अडकते. विमानतळाची स्वतःची ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन दल कंट्रोलकडूनच निघतं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घेऊन जखमेवर घट्ट दाबून धरा आणि दर मिनिटाला उचलून बघू नका. उंचावरून पडला असेल तर मान आणि पाठ हलवू नका, पाणी पाजू नका. अवयव यंत्रात अडकला असेल तर ओढून काढू नका, ते काम अग्निशमन दलाचं. बोट किंवा अवयव तुटून वेगळा झाला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. अवयव थेट बर्फात ठेवला तर तो खराब होतो.

आणि मोबाइल खिशातच राहू द्या. एप्रनवर, म्हणजे रॅम्पवर, विनापरवाना फोटो काढणं तसंही चालत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, आमच्या वेळी कोणीतरी काढलेला फोटो त्याच्या बायकोच्या व्हॉट्सॲपवर आम्ही फोन करण्याआधी पोहोचला होता. ते मी आजवर विसरलेलो नाही.

दुसरी पायरी: सोबत कोण जाणार आणि पास कोणाकडे

ॲम्ब्युलन्समध्ये एक जण बसलाच पाहिजे, आणि तो अपघात प्रत्यक्ष पाहिलेला असावा. का, ते पुढे सांगतो. दुसऱ्याने मागे थांबून त्याच्या वस्तू ताब्यात घ्यायच्या: लॉकरची चावी, फोन, पाकीट, पार्किंगमधली बाइक, आणि सगळ्यात आधी एअरपोर्ट एंट्री पास. कॅज्युअल्टीत कपडे कात्रीने कापतात आणि त्या गडबडीत गळ्यातला पास कचऱ्यात जातो. हरवलेल्या पासाची पोलीस तक्रार, कंपनीचं पत्र, पुन्हा सगळी पडताळणी, हे सगळं त्या माणसाला कुबड्यांवर उभं राहून करावं लागतं. पास काढून घ्या, सुपरवायझरकडे द्या आणि दिल्याची पोच घ्या.

तिसरी पायरी: घरी फोन

हा फोन सगळ्यात जवळच्या माणसाने करायचा, सगळ्यात वरच्या माणसाने नाही. त्याच्या घरी जाऊन जेवलेला, वहिनी ज्याला आवाजावरून ओळखतात असा माणूस. 'काही नाही हो, जरासं लागलंय' असं म्हणू नका. ती माणसं हॉस्पिटलात पोहोचून जे बघणार आहेत त्याची थोडीतरी तयारी त्यांच्या मनाची होऊ द्या. 'वहिनी, कामावर अपघात झालाय, पायाला मोठी दुखापत आहे, शुद्धीवर आहे, अमुक हॉस्पिटलात आणलंय, मी सोबत आहे.' एवढी वाक्यं पुरतात. फोन ठेवायच्या आधी घरात दुसरं कोण मोठं माणूस आहे ते विचारा.

मग गाडी पाठवा. मध्यरात्रीनंतर काही तास विरारकडून लोकल नसते. कडेवर मूल घेतलेली बाई त्या वेळी नालासोपाऱ्याहून कशी येणार? आमच्यातल्या एकाने स्वतःची गाडी काढली, वाटेत शेजारच्या काकूंकडे मुलीला ठेवलं आणि वहिनींना घेऊन आला. त्या रात्री आम्ही जेवढं केलं, त्यातलं हे एक काम अगदी बरोबर झालं असं मला वाटतं.

चौथी पायरी: केसपेपरवर काय लिहितात ते बघा

आता सोबत गेलेल्या माणसाचं काम. जखम गंभीर असेल तर जवळचं, ट्रॉमाची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. कामगार विम्याचं हॉस्पिटल कुठे आहे याचा विचार त्या घडीला करायचा नाही. तातडीचे उपचार कोणत्याही डॉक्टरला आधी करावेच लागतात, पोलिसांची कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलंय. कोणी 'आधी पोलिसांना बोलवा' म्हणालं तर शांतपणे पण ठामपणे हे सांगा.

कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, 'कसं झालं?' आणि तुम्ही जे सांगता ते तो चार शब्दांत केसपेपरवर लिहितो. ते चार शब्द पुढे वर्षभर प्रत्येक टेबलावर वाचले जातात. आमच्या माणसाच्या पेपरवर घाईत 'वाहनाचा धक्का लागून इजा' एवढंच लिहिलं गेलं. वाहन कुठलं, रस्त्यावरचं की रॅम्पवरचं, ड्युटीवर की घरी जाताना, काहीच नाही. त्या एका ओळीने आम्हाला सात-आठ चकरा मारायला लावल्या.

म्हणून स्पष्ट सांगा: 'विमानतळावर ड्युटीवर असताना, अमुक वाजता, अमुक बेवर, सामान उतरवताना, या यंत्रात सापडून.' आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगा. मेडिको-लीगल केस (पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंद झाली का ते विचारा, तिचा नंबर लिहून घ्या. पोलीस जबाबाला येतील तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. वेळ, पाऊस होता का, दिवे कसे होते, यंत्राचा नंबर, कोण कुठे उभं होतं. 'मला वाटतं त्याचं लक्ष नव्हतं' असली वाक्यं जबाबात घालू नका. तुम्ही त्याच्या डोक्यात शिरलेले नाही आहात. कोऱ्या कागदावर सही करू नका, मग तो कागद पोलिसांचा असो की कंपनीचा.

पाचवी पायरी: कामगार विमा, सगळ्यात मोठं काम

इथे थोडा वेळ द्या, कारण वर्गणी काढण्यात आपण जेवढी धावपळ करतो तिच्या निम्मी जरी या कागदांसाठी केली, तरी त्या घराला कितीतरी जास्त मिळतं.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयसीत येतो. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि कंपनी ३.२५ टक्के भरते. १८,००० पगार असेल तर तुमचे १३५ रुपये आणि कंपनीचे ५८५. स्लिपवर ती १३५ ची ओळ बघून नवी मुलं कुरकुरतात. पण कामावर झालेल्या इजेसाठी यात कामाचे किती दिवस भरले ही अटच नसते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क लागू होतो. पगार मध्येच २१,००० च्या वर गेला, तरी चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, विमा चालूच राहतो.

मिळतं काय? उपचार तर आहेतच. शिवाय कामावर जाता येत नाही तेवढे दिवस सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के रक्कम. १८,००० पगाराला ढोबळमानाने रोजचे ६०० धरले तर ५४० रुपये रोज, महिन्याला १६,००० च्या आसपास. डॉक्टर जोवर काम करण्यास असमर्थ म्हणून प्रमाणपत्र देतो तोवर हे मिळत राहतं, त्याला कमाल मुदत नाही. आणि कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात रक्कम आयुष्यभर मिळते. कायद्याच्या तक्त्यात हाताचा अख्खा अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी गेली तर १४ टक्के असं लिहिलेलं आहे. पायाच्या बाबतीत उरलेला भाग किती लांबीचा आहे त्यावर टक्के ठरतात. समजा ४० टक्के ठरले, तर ५४० चे ४० टक्के म्हणजे रोजचे २१६ रुपये, महिन्याला साधारण साडेसहा हजार, जन्मभर. कुठली वर्गणी एवढी पुरेल?

हे सगळं एका कागदावर अवलंबून असतं: कंपनीने विमा महामंडळाला दिलेला अपघाताचा अहवाल. जुन्या लोकांच्या तोंडी तो 'फॉर्म १२' आहे. नियमाप्रमाणे तो ४८ तासांत जायला हवा, आणि इजा गंभीर असेल तर ताबडतोब. कंपनीच्या अपघात वहीत नोंद व्हायला हवी ती वेगळी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९४८ चा कामगार विमा कायदा तिच्यात सामावला गेला, त्यामुळे फॉर्मच्या नावा-नंबरांवर अडून बसू नका. 'कामावर झालेल्या इजेचा अहवाल गेला का, त्याची प्रत द्या' असं विचारा, म्हणजे कोणालाही कळतं.

आमच्या वेळी तो अहवाल ११ दिवसांनी गेला. कोणी मुद्दाम अडवला नव्हता. एचआरला वाटलं रॅम्प मॅनेजर पाठवेल, मॅनेजरला वाटलं सेफ्टीवाले पाठवतील, आणि आम्ही सगळे रक्त आणि पैसे गोळा करत होतो. एकानेही विचारलं नाही. इजेची सूचना जखमी माणसाने स्वतःच द्यायला हवी असंही नाही. त्याच्या वतीने दुसरा कोणीही, तोंडी किंवा लेखी, देऊ शकतो. हे आम्हाला तेव्हा माहीत असतं तर दुसऱ्याच दिवशी माझ्या सहीने एक साधं पत्र गेलं असतं. म्हणून तुम्ही ते द्या. तारीख, वेळ, जागा, इजा, साक्षीदार, एवढं मराठीत लिहा, दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि सही घ्या. त्याच पत्रात त्या बेचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याची विनंती करा. फुटेज कायम राहत नाही, काही दिवसांनी त्यावर नवं चढतं.

यानंतर आणखी तीन गोष्टी बघायच्या. पहिली, खासगी हॉस्पिटलात तातडीने भरती केलं असेल तर जवळच्या विमा दवाखान्याला लगेच कळवा, आणि प्रत्येक बिलाची, प्रत्येक औषधाच्या पावतीची मूळ प्रत एका फाइलमध्ये ठेवा. पैसे परत मागायला मूळ प्रती लागतात. प्रकृती स्थिर झाली की अंधेरी, कांदिवली, मुलुंड अशा कामगार हॉस्पिटलात किंवा त्यांनी जोडून दिलेल्या हॉस्पिटलात हलवता येतं. दुसरी, विमा डॉक्टरचं रजेचं प्रमाणपत्र वेळच्या वेळी घेत राहा. मध्ये खंड पडला की त्या दिवसांचे पैसे अडकतात. तिसरी, माणूस इजेची रक्कम घेत असताना किंवा उपचार घेत असताना त्याला कामावरून काढता येत नाही. हे त्याच्या कानावर घाला, कारण ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेल्या माणसाचा दुसरा प्रश्न हाच असतो, 'नोकरी राहील ना?'

पगार २१,००० च्या वर असेल तर विमा लागू नाही. मग १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात जे होतं आणि आता जे संहितेत आलंय, त्यानुसार भरपाई मालकाकडून मिळते. तिचा हिशेब पगार, वय आणि अपंगत्वाचे टक्के यांवरून होतो, वय जितकं कमी तितका गुणक मोठा. दोन्हीकडून एकाच इजेची भरपाई मिळत नाही. अशा प्रकरणात युनियनचा किंवा कामगार वकिलाचा सल्ला पहिल्या महिन्यातच घ्या, आणि 'हे घे आणि प्रकरण मिटव' म्हणून पुढे केलेल्या कागदावर त्याला एकट्याला सही करू देऊ नका.

रॅम्पवर कंपन्या बदलतात. मे २०२५ मध्ये एका मोठ्या हँडलिंग कंपनीची सुरक्षा मंजुरी तडकाफडकी रद्द झाली तेव्हा हजारो कामगार एकदम अधांतरी झाले. कंपनी बदलली तरी तुमचा विमा क्रमांक तोच राहतो, पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) सुद्धा तोच. नव्या कंपनीत कोणी नवीन नंबर काढायला निघालं तर जुना सांगा. दोन नंबर झाले की जखमी माणसाच्या बायकोला दोन ऑफिसांच्या मध्ये हेलपाटे घालावे लागतात.

सहावी पायरी: रक्त

ग्रुपवर 'बी पॉझिटिव्ह पाहिजे' पडलं की २० जण ड्युटी संपवून थेट ब्लड बँकेत जातात, आणि त्यातले अर्धे परत पाठवले जातात. त्यात त्यांचा दोष नाही. नियमच असा आहे की रात्रपाळी करून झोप न घेतलेल्याचं रक्त घेत नाहीत, उपाशी माणसाचं घेत नाहीत, आणि अंगमेहनतीचं काम असेल तर पुढच्या ड्युटीच्या आधी किमान २४ तास हवेत. रक्त देऊन संध्याकाळी ३० किलोच्या बॅगा उचलणं धोक्याचंच आहे. म्हणून साप्ताहिक सुट्टीवर असलेल्यांची यादी करा आणि त्यांना पाठवा. मागच्या ३ महिन्यांत, बायकांच्या बाबतीत ४ महिन्यांत, रक्त दिलेलं नसावं. सगळ्यांनी एकाच दिवशी जाऊ नका. अशा ऑपरेशनला पुन्हा पुन्हा रक्त लागतं. दहा जण आज, दहा जण पुढच्या आठवड्यासाठी राखून. बऱ्याच ब्लड बँका बदली रक्तदात्याचा ग्रुप कोणताही असला तरी चालवून घेतात, तेही विचारा.

सातवी पायरी: पैसे

मन मोठं असतं, पण हिशेब नसला की त्याच मनात शंका येतात. मी दोन जिवाभावाच्या मित्रांना अशा वर्गणीवरून बोलणं टाकताना पाहिलंय.

तीन जण नेमा, वेगवेगळ्या शिफ्टचे. पैसे कोणाच्याही खासगी यूपीआयवर नकोत, शक्यतो जखमी माणसाच्या किंवा त्याच्या बायकोच्या खात्यावर. कोणी किती दिले ते एका वहीत, आणि रोज रात्री एकूण जमा, एकूण खर्च, शिल्लक एवढंच ग्रुपवर टाका. नावापुढे रकमा टाकू नका. ज्याच्या घरी स्वतःचंच भागत नाही त्याने दिलेले १०० रुपये आणि मॅनेजरचे ५,००० शेजारी शेजारी लिहायची गरज नसते. मोठं बिल असेल तर थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरा आणि पावती फाइलला लावा. आयकराचाही एक मुद्दा आहे: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० च्या वर रक्कम खात्यात आली तर ती उत्पन्नात धरली जाते. ओळखीच्या सीएला एकदा विचारून घ्या.

एक दिवसाचा पगार द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती कंपनीमार्फत पगारातूनच कापून घेतली तर चांगली, पण लेखी संमतीने, सक्तीने नाही. नुकतेच लागलेले, पहिला पगारही न झालेले तुम्ही असाल तर पैसे देऊ नका. खरंच सांगतो. वेळ द्या, ती जास्त लागते.

सगळं एकदम देऊन टाकू नका. पहिल्या आठवड्यात रोकड लागते: औषधं, रिक्षा, नातेवाइकांचं जेवण. आमच्या पहिल्या चार दिवसांतली सगळी जमा पाचव्या दिवशी औषधांच्या दुकानात गेली होती, आणि विम्याची रक्कम सुरू व्हायला वेळ होता. खरी ओढाताण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुरू झाली, घरभाडं, फ्लॅटचा हप्ता, मुलीची फी. म्हणून जमलेल्यापैकी निम्मे बाजूला ठेवा आणि दर महिन्याच्या पाच तारखेला ठरावीक रक्कम द्या.

वर्गणीशिवायचे मार्गही आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या हॉस्पिटलात मिळतात, रेशनकार्ड आणि आधार तयार ठेवा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा, उत्पन्नाचा दाखला मागतील. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो. पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते, पण तो पैसा शेवटी ठेवा, ती त्याची म्हातारपणाची पुंजी आहे. मात्र अपंगत्व कायमचं आणि पूर्ण असेल, तर पीएफची पेन्शन योजना एक महिन्याची वर्गणी भरलेल्यालाही पेन्शन देते, हे फार कमी जणांना माहीत असतं.

आठवी पायरी: हॉस्पिटलातल्या पाळ्या

रोस्टर बनवायची आपल्याला सवय आहे, ती इथे वापरा. एका वेळी एकच जण खाली थांबेल, आठ तास. आयसीयूच्या दारात १५ जणांनी गर्दी करून काही साधत नाही, उलट वॉचमन सगळ्यांनाच बाहेर काढतो आणि जंतुसंसर्गाची भीती वेगळीच. थांबणाऱ्याजवळ चार्जर, वही, पेन, पाण्याची बाटली आणि सुटे पैसे. डॉक्टर राउंडला काय म्हणाले ते वहीत तारखेनिशी लिहायचं, म्हणजे पुढच्याला शून्यातून सुरुवात नको.

फळांच्या टोपल्या नेऊ नका. घरच्या माणसांसाठी डबा न्या, आणि तो रोज कोण आणणार हे ठरलेलं असू द्या. नाहीतर सोमवारी पाच डबे येतात आणि गुरुवारी एकही नाही. वहिनींना दोन तास झोपायला घरी पाठवणं, मुलीला शाळेतून आणणं, गॅसचा नंबर लावणं, गावाकडून आलेल्या त्याच्या वडिलांना स्टेशनवर घ्यायला जाणं, याला मदत म्हणतात. आमच्यातल्या एका मुलीने, ती तेव्हा चेक-इन काउंटरला नवीन होती, महिनाभर फक्त फाइल सांभाळली. विमा दवाखान्यात कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो हे त्या महिन्यानंतर तिच्याइतकं आमच्या एचआरलाही माहीत नव्हतं.

नववी पायरी: यंत्र ज्याच्या हातात होतं तो

त्या रात्री डॉली ओढणाऱ्या टगवर जो होता, तो २४ वर्षांचा होता. चौकशी सुरू झाली, त्याचा एअरसाइड ड्रायव्हिंग परवाना काढून घेतला, आणि कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर कोणी बसेना. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण बसेना. तीन आठवड्यांनी त्याने राजीनामा दिला. त्याला थांबवायला कोणी गेलं नाही, मीही नाही.

चौकशी तिच्या वाटेने होऊ द्या. पाऊस, अपुरा उजेड, कमी माणसांत लवकर टर्नअराउंड करायचा (आलेलं विमान पुन्हा सोडायचा) ताण, यातलं काय किती होतं ते तिथे निघेल. तुम्ही त्याच्यासोबत चहा घ्या. त्याला एकट्याला घरी पाठवू नका, पहिले काही दिवस तरी. झोप लागत नसेल, तेच तेच डोळ्यांसमोर येत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. अपघात पाहिलेल्या प्रत्येकालाच तो द्या, आणि जखमीच्या घरच्यांनाही.

दहावी पायरी: तिसऱ्या महिन्यानंतर

गर्दी ओसरते. ग्रुपवर वाढदिवसाचे केक यायला लागतात आणि त्याचा मेसेज वर वर सरकत दिसेनासा होतो. याच काळात त्याला मेडिकल बोर्डापुढे जायचं असतं, कृत्रिम पाय बसवून चालायला शिकायचं असतं, आणि तो आरशात स्वतःला बघायचं टाळत असतो. दर पंधरा दिवसांनी एक जण घरी जाईल एवढं ठरवा. बोर्डाच्या दिवशी सोबत जा आणि सगळे एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी न्या. टक्के कमी ठरले असं वाटलं तर अपील करता येतं, पण मुदतीत. कृत्रिम अवयवाचा खर्च विम्यातून होतो. फिजिओथेरपी आणि पुनर्वसनासाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करतेय. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर यूडीआयडी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) कार्डही काढून द्या.

परत कामावर घेण्याचं बोलणं तुम्ही सगळ्यांनी मिळून, लेखी, आणि लवकर सुरू करा. 'त्याला काहीतरी द्या' असं मोघम मागू नका. कंपनीत बसून करायची कामं कुठली आहेत त्याची यादी करून न्या: बॅगेज मेकअपमधली (बॅगा विमानानुसार लावण्याच्या जागेतली) टॅगची तपासणी, हरवलेल्या सामानाचा काउंटर, यंत्रांच्या देखभालीच्या नोंदी, रोस्टर, कंट्रोल रूम. आम्ही सहा कामांची यादी नेली होती, त्यातलं एक मान्य झालं. पासाची मुदत, फिटनेस प्रमाणपत्र, बसची सोय, हे सगळं त्याच्या रुजू व्हायच्या तारखेआधी बघा.

आजच करून ठेवा

वर सांगितलेलं सगळं त्या रात्री आठवणार नाही. पण आजची ड्युटी संपल्यावर पाच-दहा मिनिटांत एवढं होतं. तुमचं ई-पहचान कार्ड (कामगार विम्याचं ओळखपत्र) काढा, त्यावर बायकोचं, आई-वडिलांचं नाव आणि वारसाची नोंद आहे का ते बघा. विमा क्रमांक, यूएएन, रक्तगट आणि घरचे दोन फोन नंबर एका कागदावर लिहा. त्याची एक प्रत लॉकरच्या दारावर आतून चिकटवा, दुसरी घरी द्या, आणि तिसरी शिफ्टमध्ये तुमच्या शेजारी उभा राहतो त्याला. त्याची मागून घ्या.